एट माईल रोडच्या खालचं डेट्रॉईट

डेट्रॉईटजवळच्या नोव्ही या उपनगरात राहायला आलो त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका पुणेकराने बजावलं, "एट माईल रोडच्या खाली जायचं नाही." हा रस्ता म्हणजे डेट्रॉईट शहराची उत्तरेकडची हद्द. चार वर्षं मी ते निमूट पाळलं. ऑफिस, किराणा, मंडळाचा गणपती, सगळं उपनगरांतच. घरी फोनवर मात्र "मी डेट्रॉईटला असतो" असं सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा लालबागला कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे कामगार होते. 1982च्या संपानंतर त्यांचं साचाखातं सुटलं ते कायमचं. त्यांना मोटारींचं शहर बघायचं होतं. मी टाळत राहिलो. कारखाने बंद आहेत, वस्ती वाईट आहे, म्हणालो. बाबा म्हणाले, "आपल्या लालबाग-परळलाही लोक हेच म्हणायचे रे."

मग नेलं. आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने 1932-33 साली रंगवलेलं एक दालन आहे. 27 भित्तिचित्रं, त्यातल्या दोन प्रचंड भिंतींवर फोर्डच्या रूज कारखान्यातले कामगार, वाकलेले, ओढणारे, ढकलणारे. बाबा तिथून हलेनात. अर्ध्या तासाने म्हणाले, "पाठ बरोबर काढलीय." 2013 साली शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा या संग्रहालयाच्या कलाकृती विकून पैसे वसूल करा, असा धनकोंचा आग्रह होता. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून निधी उभा केला. चित्रं वाचली, आणि शहराच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवरची कात्रीही बरीच आखूड झाली.

येताना एट माईलला लागूनच असलेली एक भिंत पाहिली. सहा फूट उंच, जवळपास अर्धा मैल लांब. इथे कृष्णवर्णीयांची वस्ती आधीपासून होती. शेजारी गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण वस्ती इतकी जवळ म्हणून सरकारी गृहकर्ज-हमी मिळेना. 1941 साली बिल्डरने मध्ये ही भिंत घातली आणि हमी मिळाली! पुढे गोरी कुटुंबं अशाच कर्जांवर उपनगरांत गेली, कारखानेही बाहेर सरकले, कर भरणारे आटले. 1950 साली साडेअठरा लाखांचं असलेलं शहर 2020च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांवर आलं होतं. मी ज्याला "वाईट वस्ती" म्हणत होतो, ती मागे राहिलेल्यांची वस्ती होती. गुन्हे होतात, ते मी नाकारत नाही. पण 2023 साली इथल्या खुनांचा आकडा 1966 नंतरचा सर्वांत कमी होता, हे मला चार वर्षांत एकानेही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

भिंतीच्या एका भागावर आता रंगीत चित्रं आहेत, पुढे मुलांचं मैदान. तिथे खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मोटार कारखान्यात तीस वर्षं काढलेले. त्यांनी बाबांना विचारलं, काय काम करायचात? बाबांनी हातानेच धोटा इकडून तिकडे फेकून दाखवला. "मिल. क्लोज्ड." त्या गृहस्थांनी मान हलवली आणि शेजारची रिकामी खुर्ची बाबांकडे सरकवली.

आम्ही एट माईल ओलांडून परतलो तेव्हा अंधार पडला होता.