आयबी शाळा काढताना आमचं घोडं मराठीवर अडलं

परवा अजून एका मैत्रिणीचा फोन, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आंतरराष्ट्रीय बोर्ड) शाळा काढायचीय, किती दिवस लागतात, किती खर्च. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी नाशिकजवळच्या एका छोट्या शाळेत पीवायपी (आयबीचा प्राथमिक वर्गांचा अभ्यासक्रम) कोऑर्डिनेटर होते, वर्गात बाक यायच्या आधीपासून.

पहिली गोष्ट, आयबी तुम्हाला शाळा काढून देत नाही. ट्रस्ट, जागा, २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखालची परवानगी, फायर एनओसी, युडायस नंबर (शाळेचा सरकारी नोंद-क्रमांक), सगळं तुमचं तुम्ही. त्यातले हेलपाटे सांगत नाही, सगळ्यांचे सारखेच असतात.

मग आयबीकडे अर्ज, तो मंजूर झाला की तुम्ही कँडिडेट. नुसते कँडिडेट हं! आमच्या एका ट्रस्टींनी उत्साहात लोगोसकट 'आयबी वर्ल्ड स्कूल' असा फ्लेक्स छापून गेटवर लावलाही, पण मान्यता मिळेपर्यंत असं काहीही लिहिता येत नाही, शेवटी रात्री वॉचमनकाकांनी तो उतरवला आणि तो पुढे दोन पावसाळे सायकल स्टँडवर ताडपत्री म्हणून कामी आला.

कँडिडेट झालं की आयबी एक कन्सल्टंट देते. ट्रेनिंगं, सहा थीमवर बसवलेला प्रोग्राम ऑफ इन्क्वायरी (म्हणजे शाळेच्या शिकण्याचा आराखडा), आणि पॉलिसीज. अ‍ॅडमिशन, असेसमेंट, इन्क्लुजन वगैरे जमून गेल्या, भाषेची पॉलिसी मात्र मी एका रात्रीत लिहिली होती, 'आम्ही प्रत्येक मुलाच्या मातृभाषेचा आदर करतो' टाइप गोडगोड. कन्सल्टंट बाईंनी कॉलवर एकच विचारलं, तुमच्या मुलांच्या घरी कुठल्या भाषा बोलतात? मला सांगता येईना.

मग फॉर्म वाटले. निम्म्याहून जास्त पालकांनी 'घरची भाषा' पुढे इंग्लिश लिहिलं! आणि तेच पालक गेटवर पोराला "अरे डबा राहिला, थांब की" म्हणून हाका मारतायत. त्यांना वाटलं मराठी लिहिलं तर पोराला मागच्या बाकावर टाकतील. शेवटी मी आणि ऑफिसातल्या ताई सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून एकेकाला विचारत बसलो. मराठी तर होतीच, पण हिंदी, गुजराती, मारवाडी, आणि बागलाण मालेगावकडच्या चार घरांत अहिराणी. ती चार घरं तर सांगायलाच तयार नव्हती.

दुसरं लाजिरवाणं म्हणजे आमच्या मराठीच्या बाई प्लॅनिंग मीटिंगला नसायच्याच, कोणी बोलावलंच नव्हतं, कारण मीटिंग इंग्लिशमध्ये. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीची आहे म्हणून टाइमटेबलात तास होता, तेवढाच. त्यांना बोलावलं तर पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, 'हाऊ वी ऑर्गनाइझ अवरसेल्व्हज' या थीममध्ये तुम्ही सुपरमार्केट काय दाखवताय, लासलगाव एवढं जवळ असताना? आणि मग चौथीची पोरं कांद्याच्या लिलावाला गेली, हमाली, तोलाई, गोल्टी (बारीक कांदा) असे शब्द वहीत लिहून आली, आणि ज्याचे आजोबा कांदा घेऊन तिथे जातात तो एरवी गप्प बसणारा मुलगा आठवडाभर वर्गाचा मास्तर झाला.

पुढे शाळा तपासायला आयबीची व्हेरिफिकेशनची टीम आली. ते हेड आणि कोऑर्डिनेटरशी बोलतातच, पण शिक्षक, पालक, मुलं यांच्याशीही बोलतात, त्यामुळे पाठ करून घेऊन काही उपयोग नसतो. त्या मुलाने पाहुण्यांना विचारलं, माल आजोबांचा, मग हमालीचे पैसे त्यांच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) का कापतात? अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. मराठीच्या बाईंनी तिथल्या तिथे भाषांतर केलं. मी मागे घामाघूम, पण पाहुणे लिहून घेत होते.

रिपोर्टात दोन-तीन गोष्टी पूर्ण करा म्हणून आल्या, लायब्ररीत मुलांच्या घरच्या भाषांची पुस्तकं कमी आहेत ही त्यातलीच एक. ते केलं, मग मान्यतेचं पत्र आलं. धरून चाला दोन ते तीन वर्षं, त्यात परवानग्यांचे महिने वेगळे. फी बदलत राहते, आयबीच्या साइटवरच बघ, आणि ती दरवर्षी भरायची असते हे ट्रस्टींना आधीच सांग. आणि हो, फ्लेक्स छापू नकोस.