झिन अपडेट: ४ ब्रिक्सवर गाडी अडलीय

मंडळी, मागच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या लोडायच्या ज्या झिनफँडलचं (काळ्या द्राक्षांची लाल वाइन, घरी करतोय ती) एवढं कौतुक केलं, तिनेच आता धरणं धरलंय. ४ ब्रिक्स (साखरेचं माप), आंबणं पुढे हलायचं नावच नाही. आणि हो, हायड्रोमीटरवरच. अल्कोहोल आला की रिफ्रॅक्टोमीटर थापा मारतो.

कारण झिनचं नेहमीचंच, एकाच घडात काही मणी गुलाबी कच्चट नि काही वाळून मनुका झालेले. क्रशला, म्हणजे द्राक्षं चिरडली तेव्हा, २४.५ ब्रिक्स होतं, मग मनुका भिजून साखर सुटली आणि आकडा थेट २७, म्हणजे जवळपास १६ टक्के अल्कोहोल, तिथे आरसी २१२ या यीस्टची दमछाक होणारच, त्यात गॅरेज रात्री गारठलेलं. हीटिंग पॅड लावला, यीस्ट हल्स (मेलेल्या यीस्टची टरफलं) टाकले, ढिम्म! डीएपी (यीस्टचं नायट्रोजन खाद्य) टाक म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, या स्टेजला यीस्ट तो घेत नाही, बॅक्टेरियांची मात्र चंगळ.

मग उवाफर्म ४३ या दमदार यीस्टचं स्टार्टर, म्हणजे विरजण (दुकानवाल्याने एक्स्पायरीला टेकलेलं पाकीट गळ्यात मारलं, ते वेगळंच). थोडी थोडी अडलेली वाइन घालायची, ब्रिक्स निम्मा उतरला की परत घालायची. काल बरणीला कान लावला तर मस्त चुरचुर ऐकू आली, जीवात जीव आला.

हे द्राक्षवाल्या म्हातारबुवांना फोनवर सांगितलं. त्यांची चौथी पिढी, १९२० ते ३३ च्या अमेरिकेतल्या दारूबंदीत यांची द्राक्षं रेल्वेने पूर्वेला घरी वाइन करणाऱ्यांकडे जायची, म्हणून तर वेली टिकल्या. हसून म्हणाले, आमचे आजोबा असलं पीप सरळ आंबत असलेल्या कारिन्यानवर (दुसरं एक काळं द्राक्ष) ओतायचे! आधी वाटलं काहीतरीच काय, पण बघा ना, कारिन्यान उशिरा पिकतं, झिन अडते तेव्हा ते ऐन जोमात, त्यातलं यीस्ट अल्कोहोलला सरावलेलं. स्टार्टर तरी वेगळं काय करतं?

माझं कारिन्यान आत्ता ८ वर आहे. उद्या सगळी झिन त्यात घालणार होतो, पण लिहिता लिहिताच वाटतंय, आधी एका कार्बॉयवरच (मोठ्या बरणीवरच) करून बघू, उरलेली स्टार्टरवर, म्हणजे तुलनाही होईल. झिनला व्हिनेगरचा वास नाही अजून, तरी लॅक्टोची (वाइन नासवणाऱ्या लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरियांची) धास्ती आहेच. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात कुणाकडे त्यांना मारणारं लायसोझाइम उरलंय का? शनिवारी येऊन घेऊन जाईन.