कुशन हिरा निवडताना: कागदाची चाळणी आणि पावसाळी उजेड

भाचीला साखरपुड्याच्या अंगठीत कुशन कटचाच हिरा हवा होता, म्हणजे गोलसर कोपऱ्यांचा, उशीसारखा चौकोनी. ती पुण्यात, अंगठी घडवणारे शेट आमचे म्हापशाचे, त्यामुळे खडा निवडायचं काम माझ्याकडे आलं. गोल हिरा असता तर निम्मा निकाल कागदावरच लागला असता. हिरे तपासून अहवाल देणारी जीआयए ही प्रयोगशाळा गोल ब्रिलियंटला २००६पासून कटची श्रेणी, म्हणजे घडणीचा दर्जा, देते. कुशनला ती श्रेणीच नसते. अहवालात पॉलिश आणि सिमेट्री असतात, आणि दुकानदार ‘दोन्ही एक्सलंट’ म्हणाला की ऐकणाऱ्याला तो कटचाच दाखला वाटतो. तो दाखला पैलूंच्या गुळगुळीतपणाचा आणि नेमकेपणाचा. आत गेलेला उजेड परत वर येतो की तळातून निसटतो, यावर त्यात अवाक्षर नसतं.

पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानाने सुटे हिरे मागवून दाखवायचं कबूल केलं. त्यांचे अहवाल मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतले आणि वजनाकडे न बघता थेट मिलिमीटरकडे गेले. त्यातल्या दोन खड्यांचे आकडे सांगण्यासारखे आहेत. एक १.०१ कॅरेटचा, ५.७५ × ५.५० × ३.९० मिमी. दुसरा ०.९४ कॅरेटचा, ५.८० × ५.६० × ३.५५. उंचीला रुंदीने भागायचं, की डेप्थ मिळते: पहिल्याची जवळपास ७१ टक्के, दुसऱ्याची ६३. म्हणजे वजनाने भारी असलेला खडा बोटावर लहान दिसणार, कारण वजन सगळं पोटात. त्यात एक कॅरेटची रेघ ओलांडली की कॅरेटमागचा दरही चढतो. पोटातल्या, न दिसणाऱ्या हिऱ्याला चढा भाव का द्यायचा?

माझी चाळणी अशी होती: डेप्थ ६१ ते ६८, टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू रुंदीच्या साधारण साठ टक्क्यांच्या आसपास, गर्डल म्हणजे खड्याची कड फार जाड नको आणि फार पातळही नको. जाड गर्डलमध्ये वजन लपतं, पातळ असेल तर टवका उडायची भीती. लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.०५पर्यंत असलं तर डोळ्याला चौरसच वाटतं, आणि भाचीला तसंच हवं होतं. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेचा नियम नव्हेत. नाकारायला ते पुरतात, निवडायला नाही.

कारण सारख्याच डेप्थ-टेबलचे दोन कुशन शेजारी ठेवले, तरी एकाच घरचे वाटत नाहीत. अहवालात आकाराच्या ओळीत कुठे ‘कुशन ब्रिलियंट’ असतं, कुठे ‘कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट’. मॉडिफाइडच्या खालच्या बाजूला पैलूंची रचना बदललेली, बहुधा एक जादा रांग असते. त्यातले बरेच खडे बारीक चुऱ्यासारखे लुकलुकतात. बाजारात त्याला क्रश्ड आइस म्हणतात. साध्या कुशन ब्रिलियंटमध्ये बहुधा ठळक, रुंद पैलू दिसतात आणि हात हलवला की उजेडाचा मोठा तुकडा उघडझाप करतो. मला हा दुसरा आवडतो. भाचीला व्हिडिओवर चुरा आवडला होता, पण व्हिडिओवर काय, सगळंच चमकतं.

दुकानातही तेच. छताला झोताचे दिवे, त्यांच्याखाली काचही हिरा वाटेल. मी खडा दाराशी न्यायला सांगितलं तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “ताई, लाइटखाली बघा की, बाहेर अंधारलंय.” मला तेच हवं होतं. गोव्यातल्या पावसाळ्यात ढगांतून झिरपणारा सपाट उजेड फसवत नाही. आधी खडा पुसून घेतला, कारण हिऱ्याला तेल लगेच धरतं आणि बोट लागलं तरी तो मंदावतो. मग चिमट्यात धरून सावकाश कलवला. ७१ टक्केवाला मध्यभागी काळवंडला होता. एक उथळ खडा वर्तमानपत्रावर धरला, तर मधून अक्षरं दिसली. तिथून उजेड सरळ पार जात होता. एका लांबट कुशनमध्ये आडवा काळा पट्टा, ज्याला बो-टाय म्हणतात, तो कलवूनही हटेना.

०.९४चा कुशन ब्रिलियंट दाराशीही जिवंत राहिला. रंगाची श्रेणी एच होती, म्हणजे जीपेक्षा एक पायरी पिवळसर. कुशनच्या कोपऱ्यांत रंग जरा साठतो, म्हणून पांढऱ्या कागदावर ठेवून बघितलं. किंचित पिवळसर ऊब दिसली. अंगठी पिवळ्या सोन्यातच होणार होती, त्यामुळे जी रंगाचे जादा पैसे वाचवले. भाचीला मी दिव्याखालचा नाही, दाराशी काढलेला व्हिडिओ पाठवला. “मावशी, हा शांत वाटतो गं, पण बघत राहावंसं वाटतं,” एवढंच ती म्हणाली.

शेटांनी खडा हातात घेऊन आधी गर्डल भिंगातून तपासली, लेझरने कोरलेला क्रमांक अहवालाशी जुळवला आणि तराजूवर वजन करून मला दाखवलं. कोपऱ्यांवर खडा धरणाऱ्या चार नख्या पुरतील, पण क्रमांकावर नखी येऊ देणार नाही, म्हणजे उद्या पडताळायला खडा काढावा लागणार नाही, असं तेच म्हणाले.