कोनाचा होय रे तू?

आमच्या गावात एसटीतून नवीन माणूस उतरला की त्याला नाव कोणी विचारत नाही. पानठेल्यावरचा एखादा म्हातारा कपाळावर हात धरून बघतो अन् विचारतो, "कोनाचा होय रे तू?" याचं उत्तर म्हणून स्वतःचं नाव सांगून बघा, म्हातारा तसाच बघत राहतो, कारण तुम्ही प्रशांत का प्रवीण याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं, पण अमक्याचा नातू म्हटलं की लगेच "हाव का! तुया आजा अन् मी संगच आर्वीले कापूस न्याचो" असं सुरू होतं, अन् तुमची शिक्षणं, नोकरी, नागपूरचा फ्लॅट वगैरे सांगायची वेळच येत नाही.

मला हा प्रश्न लहानपणी फार आवडायचा. पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही हे कळायला कॉलेजला जावं लागलं. कारण "कोनाचा" नंतर "आडनाव काय" येतं, मग "कोन्या मोहल्ल्यातला", अन् मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात जो बारीकसा फरक पडतो तो ज्याच्या वाट्याला आला त्यालाच माहीत. 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला अन् जातीच्या मुळाशी जातीतल्या जातीत लग्न आहे हे मांडलं. म्हणजे 'मी कोण' याचं उत्तर माणूस जन्मायच्या आधीच त्याच्या मायबापाच्या लग्नात ठरलेलं. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी ते उत्तरच बदललं. आपण कोण हे आपण ठरवायचं असतं, याचं यापेक्षा मोठं प्रात्यक्षिक निदान आपल्या भागात तरी मला दिसत नाही.

बायांचं अजून वेगळंच. माझी मोठी माय, म्हणजे मोठी काकू, लग्न होऊन आली तेव्हा 'पुलगाववाली' झाली, पोरगा झाल्यावर 'गजाननची माय', अन् आता 'पिंकीची आजी'. लेकराच्या नावानं मायबापाला ओळखायच्या या पद्धतीला टायलर नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं 1889 मध्ये टेकनॉनिमी असं भारदस्त नाव दिलं. हिल्ड्रेड अन् क्लिफर्ड गिअर्ट्झ या नवराबायकोनं 1964 मध्ये बालीबद्दल लिहिलं, की तिथं माणूस अमक्याचा बाप, मग तमक्याचा आजा होत जातो अन् त्याचं मूळ नाव लोकांच्या डोक्यातून पुसलं जातं, पुढच्या पिढ्यांना पूर्वज कोण तेच ठाऊक नसतं. आमच्याकडे हे पुसणं अर्धंच झालंय. पणज्याचं नाव सातबाऱ्यामुळं पोट्ट्यांनाही पाठ असतं, पणजीचं विचारा!

तर या मोठ्या मायवर मी एक टेस्ट करून पाहिली. 1954 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या कून अन् मॅकपार्टलँड या दोघांनी काढलेली, एकदम साधी, 'मी कोण?' याची वीस उत्तरं द्यायची, बस. मोठी माय अंगणात तूर निवडत होती. "तुले काई कामधंदा नाही का बाप्पा" म्हणून झालं, अन् मग सुरू झाली. गजाननची माय. पुलगावची लेक. या घरची मोठी सून. माळकरी. तुयी मोठी माय, लिह्य ना. मी मनात खूश, कारण 1991 मध्ये मार्कस अन् किटायामा या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलंय तसंच चाललं होतं, की अमेरिकेतला माणूस स्वतःला सुटा, स्वतंत्र समजतो अन् आशियातला माणूस नात्यांमधून स्वतःला पाहतो. मग ती थांबली. सूप जरा पाखडलं. अन् म्हणाली, "मले वांग्याची भाजी नाही आवडत."

आता ज्यांना विदर्भ माहीत नाही त्यांना याचं गांभीर्य कळणार नाही. लग्न असो, तेरवी असो, भागवत सप्ताहाचा महाप्रसाद असो, वांगं असतंच, अन् घरी तर तिच्याच हातचं तिखटजाळ वांगं खायला पाहुणे यायचे. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं, मोठ्या बाबांनाही नाही. मी विचारलं, "आधी काऊन नाही सांगतलं?" तर म्हणे, "कोनं इचारलं?" अन् मग जे सुरू झालं ते वीसच्या पुढं गेलं, तिला शिकायचं होतं, तिला धाकट्या नणदेचा अजूनही राग आहे, तिला एकटीनं पंढरपूरला जायचंय, कोणाच्या सोबतीनं नाही, एकटीनं.

नंतर पाहिलं तर आयोवात ही टेस्ट दिलेल्या पोरापोरींचंही असंच झालं होतं, आधी विद्यार्थी, मुलगी वगैरे जगाला माहीत असलेली उत्तरं, अन् ती संपल्यावर मग आतली. म्हणजे तिकडचे सुटे अन् इकडचे नात्यातले अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं असं माझं मत. मॅटिसन माइन्स नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानंही 1988 मध्ये तमिळ लोकांच्या आयुष्याच्या कहाण्या ऐकून हेच म्हटलं, की इथल्या माणसाला स्वतःचं असं काही हवं असतं अन् वय वाढतं तसं तो ते जास्त उघडपणे बोलतो. मोठी माय सत्तरीत आहे, थिअरीत फिट्ट बसते.

गावात मात्र गोष्ट लपत नाही. पिंकीनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं आईला, अन् मागच्या पंगतीत भाजीची बादली घेऊन आलेला पोट्टा मोठ्या मायपुढं येताच वाढणाऱ्यांपैकी एक जण मांडवभर ऐकू जाईल असा ओरडला, "अबे, पुलगाववालीले वांगं नोको वाढू, ते खात नाही!" सगळी पंगत वळून पाहायला लागली. मोठी माय माझ्याकडं बघून म्हणाली, "पाह्य, तुह्या कागदानं आता मले हेही नाव लागलं," अन् पोट्ट्याला म्हणाली, "थोडुसं वाढ रे, रस्सा."