कानातला बिल्ला

परक्या शहरात उतरलं की आधी चौकातल्या कुत्र्याचा कान बघावा. इस्तंबूलमध्ये त्यात गुरांच्या कानात असतो तसा प्लास्टिकचा बिल्ला दिसतो. पालिकेने त्याला पकडलं, निर्बीजीकरण केलं, रेबीजची लस टोचली आणि उचललं तिथेच परत सोडलं, याची ती खूण. २००४च्या कायद्याने घालून दिलेली ही रीत. २०२४मध्ये कायदा फिरला, आता भटक्यांची रवानगी निवाऱ्यात करायची म्हणे. याच शहराने १९१०मध्ये हजारो कुत्री ओसाड बेटावर नेऊन टाकली होती, आणि २०२१मध्ये मेट्रोने, बोटीने एकट्याने हिंडणाऱ्या बोजी नावाच्या भटक्या कुत्र्याचे लाडही केले. इतके लहरी यजमान कुत्र्यांनाच परवडावेत!

भूतानमध्ये बिल्ला नाही, कानाला खाच. शस्त्रक्रियेच्या भुलीतच ती कापतात. बिल्ला कधीतरी गळतो, खाच जन्मभर टिकते. पण ती सांगते एवढंच, की निर्बीजीकरण झालंय. लस नंतर पुन्हा टोचली का, ते कानावरून कळत नाही. त्यामुळे खाच दिसली म्हणून लगेच हात पुढे करू नये.

कानानंतर शेपूट. कमरेसकट सैल डोलणारी वेगळी, ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी वेगळी. झोप नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, डोळ्यांची पांढरी कोर दिसणं, हे सगळं ‘लांब राहा’ म्हणणंच. दुपारी पायरीवर पसरलेलं गरीब जनावर रात्री टोळीत भेटलं तर ओळख देईलच असं नाही. पळू नये, पळणाऱ्याच्या मागे लागणं त्यांच्या रक्तातच असतं. अंग तिरकं करून उभं राहावं, नजरेला नजर न देता सावकाश मागे सरावं.

दात किंवा नख लागलंच, तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. एरवी दोन मिनिटांतच हात आवरतो. मग त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘परवा परतायचंच आहे, घरी जाऊन घेऊ लस’ हा हिशेब सर्वांत धोक्याचा. पहिला डोस तिथेच घ्यावा, तारीख आणि लसीचं नाव कागदावर लिहून घ्यावं, पुढचे डोस घरी घेता येतात.

बिनधास्त हात लावावा असा भटका कुत्रा मॉस्कोत आहे. मेंदेलेयेव्स्काया मेट्रो स्टेशनात राहणाऱ्या माल्चिकला २००१मध्ये कुणीतरी भोसकून मारलं, २००७मध्ये तिथेच त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. येणारेजाणारे त्याचं नाक चोळून पुढे जातात; बाकी अंग काळपट, नाक तेवढं लखलखीत.