फ्रेमचं एरियल : आमची वाटचाल

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात रेडिओच्या मीडियम वेव्हसाठी फ्रेमचं एरियल बनवून विकणारं पहिलं दुकान आमचं. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण बाजारात दुसऱ्याच एका बोर्डावर हा मान लिहिलेला आहे आणि तो बोर्ड अजून उतरलेला नाही.

वडिलांचं बेळगावच्या शहापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हच्या सेटांचा तो काळ. घरात माळ्याच्या तुळयांना तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची आणि मागं परड्यात अर्थिंगची सळी पुरलेली असायची. सेटच्या पाठीला एरियल आणि अर्थ अशी दोन भोकं. पुढं ट्रान्झिस्टर आले, एरियलचं काम करणारा फेराइट रॉड सेटच्या पोटात गेला आणि लोकांनी जाळ्या काढून भंगारात घातल्या. आता एरियलची गरज संपली, असं जो तो म्हणू लागला. आमच्या भागात ती संपली नव्हती, आणि का ते नकाशा बघितला की कळतं.

धारवाड केंद्र 1950 सालचं. 765 किलोहर्ट्झ, 200 किलोवॅट, आणि बेळगावपासून सरळ रेषेत सत्तरच किलोमीटर. पुणे 792 वर, ताकद निम्मी म्हणजे 100 किलोवॅट, आणि अंतर तीनशे किलोमीटर. दोघांमध्ये फक्त 27 किलोहर्ट्झ. स्वस्तातल्या सेटवर काटा पुण्यावर आणला की मागून धारवाड बोलणारच. सांगली 1963 सालचं, 1251 वर, पण 20 किलोवॅटचं. बेळगाव शहरात ते बरं यायचं, पण जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगरात उतरलं की दुपारी नुसती खरखर. धारवाडशी आमचं कधी भांडण नव्हतं. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या केंद्राचे संगीत सल्लागार होते, त्या केंद्राचं शास्त्रीय संगीत वडील दुकान बंद करून ऐकत बसायचे. पण ज्याला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि सांगलीचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा होता, त्याची सोय कुणी बघायची?

ती आम्ही बघितली, आणि त्यात अर्धा वाटा मोटर वाइंडिंगवाल्या मामांचा. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. शेजारच्या गाळ्यात मागांच्या आणि पंपांच्या मोटरी भरायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. वाइंडिंगला मोजून लागते तेवढी तार गेली की रिळावर उरलेली 24 नंबरची इनॅमल तार ते मला द्यायचे. सागवानाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या जोडायच्या, टोकांना आडव्या फळ्या ठोकून त्यांना करवतीनं खाचा पाडायच्या आणि त्या खाचांतून तार गुंडाळायची. दोन फुटी फ्रेमला दहा-अकरा वेढे पुरतात. एक फुटीला जवळपास दुप्पट लागतात. वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे नाहीत, मध्ये फट हवी. चिकटले की वेढ्यांचीच कपॅसिटी वाढते आणि वरच्या टोकाची, म्हणजे जास्त किलोहर्ट्झची स्टेशनं हातची जातात. सांगली नेमकं त्या बाजूला. मामांचा हात इतका सारखा होता की पहिल्या वेढ्यावर आणि शेवटच्या वेढ्यावर बोट मारलं तर ताण एकच लागायचा.

तारेची दोन टोकं गँगला, म्हणजे फिरवून स्टेशन जुळवायच्या कंडेन्सरला. गँगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळा जीव तिथं आहे. जुन्या मर्फी, बुश, फिलिप्सच्या व्हॉल्व्ह सेटमधली हवेची गँग मिळाली तर दुसरं काही बघू नका. आधी तिची पाती उजेडासमोर धरून बघायची, कुठं वाकलेली नाहीत ना. मग शाफ्ट हळू फिरवत कानाजवळ न्यायची, घासल्याचा आवाज आला तर त्या जागी शॉर्ट आहे. रोटरला टेकणारी पितळी पट्टी काळी पडलेली असते, ती पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायची. ही पट्टी न पुसता गँग लावली तर स्टेशन येतं आणि फडफडतं, आणि गिऱ्हाईक दोष फ्रेमला देतं. हवेची मिळालीच नाही तर ट्रान्झिस्टरची पीव्हीसी गँग, तिचे दोन्ही भाग जोडून. चालते, पण हाताला ती मजा नाही.

फ्रेमची तार रेडिओला कुठंही जोडायची नसते. सेट फ्रेमजवळ ठेवायचा, आतला रॉड फ्रेमच्या पातळीला काटकोनात, आणि गँग अगदी सावकाश फिरवायची. एका जागी स्टेशन एकदम उघडतं. वेढे आणि गँग मिळून त्याच एका लहरीला साथ देतात, बाकीच्यांना नाही. फ्रेमभर गोळा झालेलं ते बळ रॉडमधून सेटमध्ये जातं. पहिल्यांदा पुणे असं उघडलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. हातातलं रीळ खाली ठेवून त्यांनी गँग मागं नेली, पुन्हा पुढं आणली, असं बराच वेळ चाललं होतं.

आमच्या मालाला दिशेचा कागद चिकटवलेला असतो. तो आला खानापूर तालुक्यातल्या एका गुरुजींमुळं. जांबोटीच्या पुढं त्यांचं गाव. निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी फ्रेम नेली आणि वही घातली. तारीख, वेळ, स्टेशन, आवाज कसा, पाऊस होता की नव्हता, आणि फ्रेमची कड कुठल्या दिशेला होती, हे सगळं दौतीच्या पेननं लिहिलेलं. फ्रेमची कड स्टेशनाकडं असली की आवाज जास्तीत जास्त, आणि फ्रेमचं तोंड स्टेशनाकडं केलं की ते स्टेशन गायब, हे मला माहीत होतं. पण त्याचा आपल्या भागात उपयोग कसा करायचा, ते गुरुजींनी दाखवलं. खानापुरात धारवाड जवळजवळ पूर्वेला येतं आणि पुणे उत्तरेला. म्हणजे फ्रेमचं तोंड पूर्वेला केलं की धारवाड बुडतं आणि कड आपोआप पुण्याकडं होते. बेळगावात धारवाड आग्नेयेला, म्हणून तिथं ते बुडवताना पुण्याचा थोडा आवाज सोडावा लागतो, सांगलीचा त्याहून कमी. निपाणीत मात्र धारवाड आणि पुणे जवळजवळ एकाच रेषेच्या दोन टोकांना पडतात. धारवाड बुडवायला जाल तर पुणेही जातं, तिथं फ्रेम नुसती पुण्याकडं कड करून ठेवायची. गुरुजींच्या वहीवरून मी गावागावाचे कागद काढले. निपाणीच्या गिऱ्हाईकाला खानापूरचा कागद देणं म्हणजे त्याला फसवणं, असं मी आजही समजतो.

आता त्या बोर्डाबद्दल.

आमच्याकडं एक पोरगा हाताखाली होता. हुशार, सोल्डरिंग सुबक. फ्रेम कशी होते ते त्यानं बघितलं आणि बाजारात स्वतंत्र दुकान टाकलं, तो बोर्ड त्याचाच. त्याबद्दल तक्रार नाही, धंदा शिकून बाहेर पडणं ही रीतच आहे. पण त्यानं जी फ्रेम काढली तिला गँगच नव्हती. प्लायवूडला सागवानी रंग, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, आणि गँगच्या जागी एक फिक्स कंडेन्सर. असली फ्रेम एका जागी जोर धरते आणि बाकी बँडवर भिंतीवरचं चित्र होऊन राहते. जोडीला एक प्लॅस्टिकचा बूस्टर, त्यात एक ट्रान्झिस्टर आणि वर काढघालीची दांडी. तो धारवाडही वाढवायचा, खरखरही वाढवायचा. किंमत आमच्या तिसऱ्या हिश्शाला, आणि दिसायला हुबेहूब आमचा माल.

तो आठवडी बाजारात उभा राहायचा तो संध्याकाळी. दिवे लागायच्या सुमाराला सेट लावायचा, आणि पुणे, मुंबई, हैदराबाद एकामागून एक यायची. लोक थक्क व्हायचे. या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. दिवसा सूर्याच्या उन्हानं वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह गिळतो, म्हणून दिवसा जमिनीलगत येईल तेवढंच स्टेशन मिळतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. रात्री साध्या सेटवर, काही न जोडता, लांबची स्टेशनं येतात. ती येत होती आकाशामुळं, आणि पैसे घेतले जात होते त्या डब्याचे.

माल घरी गेला, सकाळ झाली, पुणे नाही. लोक बोलणी आम्हाला ऐकवायला यायचे, कारण फ्रेम म्हणजे आमचं दुकान अशी ओळख होती. वर 2015 नंतर घराघरात एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर आले होते, शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन आलं होतं. त्या बूस्टरमधून झटक्याची टकटक इतकी मोठी यायची की बातम्या ऐकणं अशक्य. फ्रेमनं स्टेशनं येत नाहीत, असं बोलणं गावोगाव पसरलं. एका संस्थेनं शाळांसाठी आमच्याकडं मोठी मागणी नोंदवली होती. तारेचे, सागवानाचे पैसे मी पतसंस्थेतून उचलून भरले होते. फ्रेम तयार होऊन भिंतीला लागल्या, आणि संस्थेच्या माणसानं बाजारातल्या डब्याचा अनुभव सांगून मागणी रद्द केली. लेखी काही नाही, एक फोन. आमची फ्रेम त्यांनी एकदा लावूनही बघितली नाही, हे मला आजही सलतं.

तो पावसाळा वाईट गेला. मामांनी तारेचे पैसे मागितले नाहीत, विषयसुद्धा काढला नाही. पतसंस्थेचा माणूस मात्र दर महिन्याला येत होता. मी दुकानाचा अर्धा भाग मोबाइल रिचार्जला भाड्यानं दिला.

त्यातून बाहेर काढलं गुरुजींनी. ते खानापूरच्या बाजारात आपली फ्रेम आणि आपला फिलिप्स घेऊन आले, भर दुपारी, बारा-साडेबाराला. सोबत एका शेजाऱ्यानं घेतलेला तो डबा. आधी नुसता सेट लावला, खरखर. मग डबा लावला, खरखर मोठी आणि तिच्यात धारवाड. मग आमची फ्रेम ठेवली, कागदाप्रमाणं तोंड पूर्वेला केलं आणि गँग फिरवली. पुणे आलं. गुरुजींनी भाषण केलं नाही. फक्त ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं गँग फिरवून बघावी, असं सांगितलं. पुढं बरेच बाजार ते असं करत राहिले, एसटीचं भाडंसुद्धा त्यांनी माझ्याकडून घेतलं नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी पावतीवर छापलं : आमचा माल दुपारी तपासून घ्यावा.

नंतरची वर्षं ठीक गेली. 2020 मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा बंद झाली तेव्हा चंदगड-गडहिंग्लजची गिऱ्हाइकं अडकली, पण घरात बसलेल्या लोकांनी माळ्यावरचे सेट खाली काढले आणि पुढं काम वाढलंच.

विषय निघालाच आहे तर सांगतो. खरखर येत असेल तर आधी एरियल विकत घेऊ नका, आमचंसुद्धा नको. सेट सेलवर चालवा, ॲडॉप्टरवर नको. घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर ती तुमच्याच घरातली आहे, एकेक स्विच चालू करत चोर पकडा, बहुतेक वेळा एखादा स्वस्तातला बल्ब किंवा चार्जर निघतो. खरखर राहिली तर ती शेजारची किंवा विजेच्या तारांवरची, तिच्याकडं फ्रेमचं तोंड करा, ती बुडते. लोखंडी कपाटाजवळ आणि पत्र्याच्या भिंतीला फ्रेम टेकवू नका. पावसाळी भागात लाकडाला दोन हात वॉर्निश द्या, ओल धरली की गँगची धार बोथट होते.

प्रसार भारतीनं अलीकडं देशातले अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले, आता फ्रेम कशाला, असं विचारतात. जी स्टेशनं चालू आहेत ती पूर्वीपेक्षा लांबची आहेत आणि खरखर पूर्वीपेक्षा जास्त आहे. लांबच्यासाठीच तर फ्रेम. ज्यांनी तो सागवानी रंगाचा माल घेतला होता, त्यांनीही तो आणावा. फिक्स कंडेन्सर काढून तार बदलून गँग बसवून देतो, मजुरी घेत नाही, मालाचे तेवढे पैसे पडतील. येताना स्वतःचा सेट आणा आणि दुपारी या. आणि कुणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा सेट पडून असेल तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. बाकीचा सेट राहू द्या, नुसत्या गँगचे आम्ही त्याच्यापेक्षा जास्त देतो.