आधी चोच, मग माणूस

नववीला मराठी शिकवणारे आमचे सर बहिणाबाई चौधरींची कविता फळ्यावर लिहीत आणि खाली एकच प्रश्न: 'बाईंनी आधी काय पाहिलं?' अर्थ, अलंकार, कवयित्रीचा परिचय हे सगळं नंतर. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी बाईंचीच लेवा बोली. सर म्हणत, बाईंचे शब्द उचलू नका, ते तुमच्या आजीकडेही आहेत. त्या विचार कसा करतात ते उचला.

सुगरणीच्या खोप्याची कविता त्यांनी फार सावकाश शिकवली. बाई आधी विणलेला खोपा दाखवतात, मग तो विणणारी एवढीशी चोच. तेच पाखराचे दात, तेच ओठ. आणि मगच माणसाकडे वळून त्याच्या दोन हातांची, दहा बोटांची आठवण देतात. उपदेश करायची वेळच येत नाही. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने गाणी उतरवून घेतली नसती, तर 1951 मध्ये बाई गेल्या तेव्हा हे धनही त्यांच्याबरोबर गेलं असतं.

मी कवी झालो नाही. कृषी खात्यात लागलो आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी बागाईतदारांसाठी पत्रकं लिहू लागलो. सरांचा प्रश्न तिथे रोज उपयोगी पडला.

थंडीचंच घ्या. पारा 16 अंशांखाली गेला की केळीची वाढ थबकते, निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी तो खोडातच अडकतो. खात्याच्या ठरावीक भाषेत याचं 'रात्री पाणी द्यावे, पहाटे धूर करावा' असं होतं. शेतकरी ते वाचतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. मी सुरुवात विहिरीपासून केली. डिसेंबरच्या पहाटे मोटर सुरू केल्यावर पाण्याखाली हात धरा. बाहेर बोटं आखडतात आणि पाणी मात्र कोमट लागतं. ही ऊब केळीच्या मुळांना कधी हवी? एवढं विचारलं की रात्रीच्या पाण्याचं उत्तर शेतकरीच देतो. धुराचंही तसंच: बांधावर ओलासुका पालापाचोळा पेटवा आणि धूर वर न जाता बागेवर कसा पसरून राहतो ते बघा.

यात बाईंची एक ओळ नाही की शब्द नाही, पण चाल त्यांचीच आहे. हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघायचं, तिलाच प्रश्न विचारायचा आणि माणसापर्यंत यायचं. मोठ्या लेखकाची शैली घ्यायची म्हणजे हेच, असं मी ठामपणे मानतो. नुसती लकब उचलली तर ती चार ओळींत उघडी पडते. विचाराची वाट घेतली तर ती केळीच्या पत्रकातही चालते, हिशेबाच्या टिपणातही चालेल.

यंदाच्या हिवाळ्याचं पत्रक लिहायला घेतलंय. शाळेने परवानगी दिली तर छापण्याआधी नववीच्या वर्गात वाचून दाखवीन आणि कुठे 'करावे' शिल्लक राहिलंय ते मुलांना शोधायला सांगीन.